एंजलची कोथिंबीर आणि डाव्या पायाची चप्पल

डोळे मिटा बरं. समजा, तुमच्या तळहातावर एक धना आहे. गोल, तपकिरी, अंगावर बारीक रेघा. वास घ्या. आला? आता याला चपलेने रगडा, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय कराल?

राहात्याची एंजल तर चिडलीच.

चर्चमधला हंगामाचा सण सहा आठवड्यांवर आला होता. त्या रविवारी प्रत्येक मुलाने स्वतः पिकवलेलं काहीतरी वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं असतं. गेल्या वर्षी एंजलने मेथीची जुडी ठेवली, पण तिला बाजारातलं रबर तसंच राहिलं. तेव्हापासून चुलतभाऊ रॉबिन तिला 'रबरबाई' म्हणायचा. यंदा परसात बी टाकून कोथिंबीर पिकवायचीच, असं तिने ठरवलं.

शेजारच्या झुंबरमावशी बाजारात भाजी विकत. त्यांनी मूठभर धने दिले. "फरशीवर टाक आन् चपलंनं रगड. एका धन्यात दोन बिया असत्यात. दोन फाका झाल्या पायजेत."

"चपलेनं? मावशी, ही देवाला द्यायची कोथिंबीर आहे! चर्चमध्ये आम्ही चपला दाराबाहेर काढतो."

"मग काय, गादीवर निजवतीस धन्याला?"

एंजलने वरवंटा घेतला. प्रार्थना म्हणत, मन लावून रगडलं. फाका राहिल्या बाजूला, मसाला झाला. तिने तोच पेरला आणि दहा दिवस पाणी घातलं. मातीला आमटीसारखा वास सुटला, कोंब मात्र एकही नाही.

रॉबिन कुंपणावरून डोकावला. "रबरबाई, यंदा फोडणी उगवणार वाटतं!"

एंजलच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडतीस काय? अजून महिना हाय," झुंबरमावशी म्हणाल्या. "पुन्हा पेर. पन त्या वरवंट्याला हात लावू नको."

एंजलने डाव्या पायाची चप्पल साबणाने तीनदा घासली आणि उन्हात वाळवली. "देवा, रागावू नकोस हं," म्हणत तिने ती धन्यांवरून हळूच फिरवली. कर्रर्र! धने बरोब्बर दोन-दोन फाकांत सुटले. रात्रभर भिजवून तिने ते ओळीने पेरले, वर मातीचं पातळ पांघरूण घातलं. नवव्या दिवशी मातीतून हिरवे कोंब वाकून वर आले.

सणाच्या रविवारी टेबलावर तिची जुडी होती. वीतभर उंचीची, मुळांना माती, बांधायला साधा दोरा. रॉबिनने ती उलटसुलट करून रबर शोधलं. सापडलं नाही.

चर्चचे पाळकसाहेब एकेकाला विचारत होते, "तुला मदत कुणी केली?" रॉबिनने काकडीसाठी बाबांचं नाव घेतलं. एंजलने झुंबरमावशींचं घेतलं.

"आणखी कुणी?"

एंजलने टेबलाकडे पाहिलं, मग दाराकडे. देवापुढे खोटं कसं बोलायचं? ती बाहेर पळाली, चपलांच्या ढिगातून तिने आपली डावी चप्पल शोधली, फ्रॉकला पुसली आणि आत येऊन कोथिंबिरीशेजारी नीट ठेवली.