चार बोटं कमी

मित्रांनो, मी सागाची जुनी मापकाठी आहे आणि आज माझं डोकं फिरलंय. काठीला कसलं आलंय डोकं, म्हणाल. ऐका तरी.

अंधेरीच्या खाडीकाठी आमची सुतारगल्ली. इथे लाकडी होड्या बांधायचे. धोंडू मेस्त्रींच्या वडिलांनी मला तासलं, अंगावर खाचा पाडल्या. कागद नाही, नकाशा नाही. कुठली फळी किती लांब, ते सगळं माझ्यावर. माझ्या मापाने बांधलेल्या होड्या वादळातून परत आल्यात.

मग फायबरच्या होड्या आल्या, मी माळ्यावर धूळ खात पडले. यंदा मेस्त्रींची लेक सुलक्षणा हिने एक जुनी होडी दुरुस्तीला घेतली. बापाचे हात थरथरतात, म्हणून करवत तिने धरली. मला खाली काढून तेल चोळलं. खरं सांगते, मला भरून आलं.

आणि नेमक्या तेव्हाच जुन्या गल्ल्यांच्या सहली काढणाऱ्या अपूर्वाबाई आल्या. रविवारी पन्नास माणसांना आमची गल्ली दाखवायची होती. मला एका दिवसापुरतं मागितलं. मेस्त्री पडले भिडस्त. देऊन बसले.

गल्लीच्या तोंडाशी काचेची पेटी मांडली होती. तिच्यात मी मावेना. बाईंनी पेटीवाल्याला सांगितलं, चार बोटं काप, कोणाला कळतंय! मेल्याने कापलं की हो! शिवाय पेटी डगमगते म्हणून माझाच तुकडा तिच्याखाली सारला. मग दिवसभर माझे फोटो. काय तर म्हणे, वारसा!

सोमवारी मेस्त्री आणि सुलक्षणा मला न्यायला आले. नवी फळी कापायची होती. मेस्त्रींनी माझ्यावरून हात फिरवला आणि टोकाशी थांबले.

"हिची चार बोटां खंय गेली?"

"सॉरी काका," अपूर्वाबाई म्हणाल्या, "पण त्या टोकाला काहीच नव्हतं ना, नुसतं कोरं लाकूड."

"माप तिथूनच सुरू होतं, बाई," सुलक्षणा म्हणाली. तिने वाकून पेटीखालचा तुकडा ओढला. पेटी कलली. बाईंना ती दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागलं. बरं झालं.

घरी दोघांनी मला जोडून पाहिलं. पण करवतीने मधलं थोडं लाकूड भुसा करून उडवलं होतं. नेमकं किती, ते मेस्त्रींनाही सांगता येईना. मापणार तरी कशाने? फळी अजून तशीच पडली आहे. खूण करायला सुलक्षणाचा हात धजत नाही.

मित्रांनो, जुन्या गल्ल्या खुशाल बघा, फोटो काढा. पण जुन्या वस्तूला करवत लावण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. मेस्त्री त्या पेटीपासून चार पावलांवर राहतात.