केबिनमधला उंट

साइटवर त्याला सगळे उंट म्हणत, आणि तो खुशाल म्हणवून घेई. सकाळी टॉवर क्रेनची शिडी चढला की गडी संध्याकाळीच खाली. शिडी कसली, दम काढणारी! मधेच उतरून पुन्हा चढायचं म्हणजे तेवढा वेळ खालचं सगळं काम ठप्प, आणि मुकादम वर बघून शिव्या घालायला मोकळा. म्हणून क्रेनवाले पाणी बेतानंच पितात. हा तर पीतच नसे. लघवीला आली तर दाबून धरायची. बाकीचे ऑपरेटर केबिनमध्ये रिकामी बाटली ठेवायचे, याला तेही कमीपणाचं वाटे. "आपल्याला लागतच नाही," असं छाती काढून सांगायचा. नसती मिजास, दुसरं काय!

एवढ्या उंचीवरून हुकाखालचं सगळंच काही दिसत नाही. इमारतीच्या मागे माल उतरवायचा तर खालच्या सिग्नलवाल्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकावा लागतो. आणि हा सिग्नलवाला कोण, तर उंटाचा साडू, त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उंटानंच मुकादमाला गळ घालून त्याला चिकटवला होता. आपला माणूस आपल्या कानाशी असलेला बरा, असा त्याचा हिशेब.

एके सकाळी सळ्यांचा भारा वर चढत असताना वॉकीटॉकीतून कानात येणारा साडूचा आवाज जरा जास्तच लाडात आला.

"साडूभाऊ, एक बातमी आहे. तुमच्या मेहुणीला परत दिवस गेलेत."

"वा," उंट म्हणाला.

"आम्ही काही ठरवलंही नव्हतं हो. झालं आपलं!" आणि साडू खदाखदा हसला.

झालं आपलं! उंटाच्या अंगाची नुसती लाही झाली. याच्या लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती आणि घरात पाळणा सोडा, पाळण्याचा विषयही आता कुणी काढत नव्हतं. साडूचं लग्न नंतरचं, घरात दुडदुडणारी मुलगी, आणि आता हे दुसरं, न मागता आलेलं. त्याचं अभिनंदन करायचं, तेही काम न थांबवता. उंटानं तोंडदेखलं केलं आणि भारा ठरल्या जागेच्या हातभर पुढे आपटला.

त्याची बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. अबोल, कामाला वाघ. मूल होत नाही म्हटल्यावर ती गुपचूप दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसली होती. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, पिशवीत औषध सोडून नळ्या मोकळ्या आहेत का बघतात तेही झालं. त्या दिवशी ती रिक्षातून घरी आली ती भिंतीला धरून आत गेली. सगळं व्यवस्थित निघालं. डॉक्टरीणबाई दर वेळी सांगायच्या, आता मिस्टरांना पाठवा. ती दर वेळी निरोप द्यायची. हा दर वेळी म्हणायचा, "साइटवरून सुट्टी कुठे मिळते?"

सुट्टी मिळत होती हो. जायचंच नव्हतं. कारण एक गोष्ट त्यानं कुणालाही सांगितलेली नव्हती. त्याला लघवीला जळजळ व्हायची, वर्षानुवर्षं. कधी ओटीपोटात खाली ठसठस, कधी बसलं की कळ. मग औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायच्या, दोन दिवस घ्यायच्या, आग थांबली की उरलेल्या पुढच्या खेपेला ठेवून द्यायच्या. पुढची खेप यायचीच. पण ज्याला लागतच नाही त्याला जळजळ होते, हे सांगणार कुठल्या तोंडानं?

त्या संध्याकाळी बायकोनं बहिणीला फोन केला. "अगं, किती छान! जप हं," असं सगळं रीतसर बोलली, फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडला. उंट बाहेर बसून नळाचा आवाज ऐकत राहिला. त्याला बायकोची कीव नाही आली, साडूचा राग आला. बघा आता!

त्यानंतर साडूचा आवाज त्याला सोसेना. "थोडं डावीकडे, साडूभाऊ. अजून थोडं. बस्स." त्यात त्याला माज ऐकू यायचा. साडू जेवायला बसला की वरून त्याचा डबा दिसायचा, आणि तो कुणानं भरून दिला असेल ते डोळ्यापुढे यायचं. साडू फोनवर हसला की नक्की मुलगी बोलत असणार. खरं सांगायचं तर साडू होता तसाच होता, बडबड्या आणि साधा. पण जळणाऱ्याला कोण समजावणार? आपण नोकरी लावून दिली, आणि देणाऱ्यानं सगळं त्याच्याच पदरात ओतलं, हेच याच्या डोक्यात घोळत असायचं.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळपासून अंगात कणकण होती, खाली निखारा ठेवल्यासारखी आग. तरी गडी चढला. इमारतीच्या मागे सळ्या उतरवायच्या होत्या आणि कानात साडूचं चालू होतं, "या वेळी मुलगा झाला तर बरं, नाही झाला तरी बरं, आपल्याला काय." उंटानं हात पुढे केला आणि वॉकीटॉकीचा आवाज शून्यावर आणला.

क्रेनवाल्यानं करू नये ते हेच. भारा भिंतीच्या आड गेला आणि आंधळ्यासारखा झुलला. साडू ओरडत होता, ते कुणाला ऐकू जाणार? शेवटी तो जीव खाऊन बाजूला उडी मारून वाळूच्या ढिगात पडला. भारा त्याच्या उभं राहायच्या जागेवरून गेला.

साडू पहिल्या मजल्याच्या वर कधी चढला नव्हता, खाली बघितलं की त्याचे पाय लटपटायचे. पण त्या दिवशी तो शिडीला भिडला तो थेट वर. केबिनचं दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात शिव्यांची माळ तयार होती. आत उंट सीटखाली मुटकुळं करून पडला होता, घामानं निथळत, कुडकुडत.

"मला मारायला निघाला होतात?" साडू धापा टाकत म्हणाला.

"नाही रे. आवाज बंद केला होता. तुझा आवाज ऐकवत नव्हता."

"का? मी काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुझं झालं आपलं," उंट म्हणाला आणि हुंदका आला त्याला, एवढ्या मोठ्या माणसाला. "माझं होत नाही. आणि आता लघवीही होत नाही. सकाळपासून थेंब नाही."

साडूनं शिव्या गिळल्या आणि त्याला एकेक पायरी करत खाली आणला.

इस्पितळात नळी घालून त्याला मोकळं केलं. ताप उतरला, पुढच्या तपासण्या झाल्या, आणि काही आठवड्यांनी वीर्याचीही झाली. मूत्ररोगाचे डॉक्टर शांत माणूस होते. मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, ते म्हणाले, वीर्यातला काही द्रव तिथे तयार होतो. तिथे तुमची सूज मुरलीय. अर्धवट गोळ्यांनी जंतू दबतात, मरत नाहीत. सूज अशी वर्षानुवर्षं राहिली की त्या द्रवात शुक्राणू टिकत नाहीत. तुमचे कमी आहेत, आणि जे आहेत ते सुस्त.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"फक्त याचमुळे असं छातीठोक नाही सांगता येणार. पण मोठं कारण हेच दिसतंय. औषध आठवडेच्या आठवडे घ्यावं लागेल, पूर्ण. पाणी प्या, लघवी रोखू नका. नवीन शुक्राणू तयार व्हायला तीनेक महिने जातात, मग परत बघू. सुधारण्यासारखं आहे."

सुधारण्यासारखं आहे! उंट घरी आला तो जवळजवळ पळतच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही होतं. बायको दुकानातून येऊन नुकतीच टेकली होती. त्यानं सूज सांगितली, गोळ्या सांगितल्या, तीन महिने सांगितले. ती रडेल, जवळ येईल, असं त्याला वाटलं होतं.

"जळजळ कधीपासून होती?" तिनं विचारलं.

"असेल... लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

"आणि मला आत्ता सांगताय."

"अगं, मला काय माहीत त्याचा मुलाशी संबंध असतो?"

"संबंध माहीत नव्हता. दुखतंय एवढं तर माहीत होतं ना? दुखत होतं तुम्हाला आणि तपासणीच्या टेबलावर मी झोपत होते." तिचा आवाज चढला नाही. "मी धाकटीवर जळत होते. माझ्या सख्ख्या बहिणीवर. तिची मुलगी मांडीवर घेतली की वाटायचं, हिला नाही उचलून द्यायची परत. घरी आले की स्वतःचीच किळस यायची. मला वाटायचं, मी अशी नासक्या मनाची आहे म्हणूनच होत नसेल."

"मीही जळत होतो," तो घाईनं म्हणाला. "साडूवर. विचार त्याला."

"तुम्हाला त्यावर औषध मिळालं. आता मी तुमच्यावरच जळतेय बघा. तुम्ही तीन महिन्यांत बरे व्हाल. माझी पाच वर्षं कुठल्या गोळीनं येणार?"

ती उठली, कपाटातले चार कपडे पिशवीत भरले आणि बहिणीला फोन लावला. "मी राहायला येतेय. किती दिवस ते नाही ठरवलं. तुझ्याजवळ बसून एक सांगायचंय, तुझी माफी मागायचीय." मग दारातून वळून त्याला म्हणाली, "गोळ्या चुकवू नका." आणि गेली.

थोड्या वेळानं साडूचा फोन आला, पोचल्या म्हणून. मागे पोरीची किलबिल ऐकू येत होती आणि दोघी बहिणींचं एकदम बोलणं. साडूच्या घरात आता सगळंच होतं. मुलगी होती, येणारं बाळ होतं, आणि याची बायकोही. उंट फोन कानाला लावून बसून राहिला, आणि या वेळी जळायलाही त्याला तोंड नव्हतं.