दोन जागांची सूचना

मंगळवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. विभागाच्या सामाईक ईमेलवर एका कार्यशाळेची सूचना आली. दहा वाजून चौदा मिनिटांनी ती तिथून हलली आणि 'जुनी पत्रं' नावाच्या कप्प्यात जाऊन पडली. ती हलवणाऱ्या बाईंना विभागात थोरली म्हणत.

थोरली आणि धाकटी एकाच सरांकडे पीएचडी करत होत्या. थोरलीचं पाचवं वर्ष, धाकटीचं तिसरं. विषय जवळपास एकच: तळ्याच्या गाळात साचलेले परागकण. हजारो वर्षांपूर्वी काठावर कुठली झाडं होती, हे त्या कणांवरून कळतं. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक कण ओळखायचा आणि मोजायचा. एका काचपट्टीवर तीनशे कण, आणि अशा पट्ट्या शेकड्यांनी.

याशिवाय थोरलीकडे आणखी एक काम होतं. दर सोमवारी अकरा वाजता विभागाचं 'आगामी' पत्रक निघायचं. येत्या पंधरवड्यातली चर्चासत्रं, कार्यशाळा, व्याख्यानं, अर्जांच्या मुदती असं सगळं त्यात असायचं. तीन वर्षं ती ते चोख काढत होती. नियम एकच होता. मुदत सोमवारच्या आत संपणार असेल, तर सूचना आली त्याच दिवशी सगळ्यांना पाठवायची.

या सूचनेची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. परागकण ओळखण्याची पाच दिवसांची कार्यशाळा. आठ हजार नमुन्यांचा संग्रह संशोधकांना खुला. शेवटच्या दिवशी भेटीगाठींचं सत्र: दहा प्रयोगशाळांचे प्रमुख दहा टेबलांवर बसणार, प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलायचं. अशा दहा मिनिटांत पुढची नोकरी ठरते, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि जागा किती? एका विभागातून दोघांना. दोघांना!

तरीही थोरलीने ती दडवली.

ती दुष्ट नव्हती. गाळ कसा धुवायचा, आम्ल किती थेंब घालायचं, हे धाकटीला तिनेच हाताला धरून शिकवलं होतं. शिकवत होती तोवर सगळं बरं होतं. शिकवलेली पोरगी पुढे जाते असं दिसलं आणि पोटात दुखू लागलं. सर धाकटीच्या खुर्चीशी जरा जास्त वेळ थांबतात, हे थोरली घड्याळ लावून मोजू लागली. मंगळवारी नऊ मिनिटं. माझ्याकडे तीन, त्यातही एक फोन.

कडेलोट महिन्यापूर्वी झाला. विभागाच्या चर्चासत्रात दोघींची भाषणं होती. चहाच्या वेळी बाहेरून आलेल्या एक नामवंत प्राध्यापिका थोरलीच्या दिशेने चालत आल्या. थोरलीने हसून हात पुढे केला. बाईंनी त्या हातात आपला रिकामा कप दिला, "थँक यू हं," म्हणाल्या आणि पलीकडे उभ्या असलेल्या धाकटीला गाठलं. पंचवीस मिनिटं त्यांचं बोलणं चाललं. तितका वेळ थोरली तो कप हातात घेऊन उभी होती.

बुधवारी धाकटी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाली, "ताई, या आठवड्यात काही आलंय का गं? कुठे कार्यशाळा, काही?"

"आलं की पत्रकात येतंच," थोरली म्हणाली.

"हा पाहुणा माझा जीव घेणार बघ. ये, एकदा तू बघ. तुझी नजर पारखी आहे."

'पाहुणा' म्हणजे धाकटीला न ओळखता येणारा कण. लांबट, मधे कंबर आवळलेला. तिच्या गाळात दर पाचांतला एक कण हाच निघत होता. त्याचं नाव कळल्याशिवाय तिचं तिसरं प्रकरण पूर्ण होत नव्हतं, आणि ते दोन महिन्यांत दिलं नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती.

थोरलीने डोळा लावला. "नाही बाई, मलाही नाही ओळखता येत," ती म्हणाली. हे खरं होतं. तो ओळखता येईल असे आठ हजार नमुने कुठे आहेत, ते मात्र ती बोलली नाही.

गुरुवारी सकाळी ती स्वतःच्या अर्जावर सरांची सही घ्यायला गेली. सरांनी सही केली आणि पेन खाली न ठेवताच विचारलं, "धाकटीला सांगितलंस ना?"

"पत्रकात येईलच, सर."

सरांनी मान डोलावली. पत्रक सोमवारी निघतं आणि मुदत शुक्रवारी संपते, एवढा हिशेब करायला त्यांना सवड नव्हती. दुपारी बारा वाजता थोरलीचा अर्ज गेला.

संध्याकाळी जेवताना तिने घरी बातमी सांगितली. नवरा खूश झाला. "म्हणजे पाच दिवस घरात माझं राज्य!"

"राज्य कसलं, भांडी आहेत," सासरे म्हणाले. त्यांची सगळी नोकरी बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली होती. निवृत्त झाले तरी प्रश्न विचारायची सवय सुटली नव्हती. "एकटीच चाललीस का, सूनबाई?"

"विभागातून दोघांना जागा आहे, बाबा."

"मग दुसरं कोण?"

थोरलीने ताटात बघितलं. "अजून कोणी अर्ज केला नाही."

"का बरं? सूचना सगळ्यांना गेली ना? ते काम तुझ्याकडेच असतं, म्हणून विचारतो."

नवऱ्याने पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडे सरकवला.

"ती येईल तिथे सगळे तिच्याशीच बोलतात, बाबा," थोरली एकदम म्हणाली. "मी पाच वर्षं राबतेय. एकदा, फक्त एकदा मला एकटीला जाऊ दे ना! मी काही खोटं बोललेले नाही. नुसती गप्प राहिले."

सासऱ्यांनी हात धुतले, पुसले आणि परत येऊन बसले.

"मीही खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले. "आमच्या स्थानकात माझ्याबरोबरीचा एक जण होता. बढतीची मुलाखत दोघांनाही आलेली, मुख्य कार्यालयात. माझी आदल्या दिवशी झाली. त्याने खिडकीवर येऊन विचारलं, साडेसातची गाडी आहे ना? मी म्हटलं, आहे. गाडी त्या आठवड्यापासून मागच्या फाटकातून सुटत होती. ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो पुढच्या फाटकाशी उभा राहिला. काचेतून मला दिसत होता."

"मग बढती तुम्हाला मिळाली?" नवऱ्याने विचारलं. ही गोष्ट त्यानेही कधी ऐकली नव्हती.

"तिसऱ्यालाच मिळाली. पण ते सोड. तो माणूस पुढची अकरा वर्षं रोज मला नमस्कार करायचा. त्याला कधी कळलंच नाही. मला ठाऊक होतं ना!" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "खिडकीत बसलं की हळूहळू गाडी आपलीच वाटायला लागते. गाडी प्रवाशांची असते, पोरी. आपल्याला काय, नुसती माहिती द्यायला बसवलेलं असतं."

"ही बस नाही, बाबा. इथे जागा मोजक्या असतात."

"दोन आहेत म्हणालीस. एकीवर तू बसलीस, दुसरीवर पिशवी ठेवलीस. आणि जिला बसायचंय तिला सांगतेस, गाडी भरली!"

थोरलीला राग आला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. सासऱ्यांचा राग, सरांचा राग, धाकटीचा राग. सगळ्यांत जास्त राग त्या कपाचा. पण तो कप धाकटीने दिला नव्हता! ही साधी गोष्ट महिन्यात पहिल्यांदा तिच्या ध्यानात आली.

शुक्रवारी चार वाजून पाच मिनिटांनी तिने प्रयोगशाळेचं दार उघडलं. सकाळपासून ती तीनदा दारापर्यंत येऊन परत गेली होती. कागद धाकटीच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हे वाच. पाचला मुदत संपतेय. अर्ज भर, सरांची सही लागेल."

धाकटीने वाचलं. मग तारीख वाचली. "हे मंगळवारी आलंय."

"हो."

"बुधवारी मी तुला विचारलं होतं, ताई."

"हो. मी दाबून ठेवलं होतं. तू येऊ नयेस म्हणून."

धाकटी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने चष्मा काढून पुसला आणि संगणक आपल्याकडे ओढला. "गप्प बस आता. मला दोनशे शब्द लिहायचेत."

चार बेचाळीसला अर्ज छापून झाला. सर मैदानापलीकडच्या इमारतीत परीक्षा समितीच्या बैठकीत होते, फोन बंद. दोघी धावत गेल्या. दार ढकललं तेव्हा आत सात माणसं बसलेली होती.

"हे काय?" सर म्हणाले. "हिने अजून अर्ज केला नव्हता? तू तर म्हणालीस, पत्रकात येईल."

'राहून गेलं, सर' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळे तेच म्हणतात. थोरलीने तोंड उघडलं.

"पत्रक सोमवारी निघतं, सर. मला ते माहीत होतं. सूचना मी मुद्दाम दडवली."

सात माणसांपैकी कोणीतरी खुर्ची सरकवली. सरांनी सही केली. पुन्हा धावत परत आल्या, कागद यंत्रावर ठेवला, तो संगणकावर चढेपर्यंत पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. संकेतस्थळावरचा अर्ज बंद झाला होता.

मग थोरलीने आयोजकांना स्वतः पत्र लिहिलं. उशीर अर्जदाराचा नसून माझा आहे, सूचना मी तीन दिवस रोखून धरली होती; एकच अर्ज घेता येत असेल तर माझा बाजूला ठेवून हा घ्यावा. पाच एकोणीसला ते पत्र आणि धाकटीचा अर्ज एकत्र गेले. धाकटीने पत्र वाचलं, पिशवी उचलली आणि निघून गेली.

सोमवारी अकरा वाजता पत्रक निघालं. शेवटी एक ओळ होती: 'परागकण कार्यशाळेची सूचना मंगळवारी आली होती. ती वेळेत न कळवण्याचा दोष पत्रक काढणारीचा.' सरांनी ते काम तिच्याकडून काढून घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "इथून पुढे सामाईक ईमेलची चावी तिघांकडे राहील." तिने लगेच दोघांना ती दिली.

आपल्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या खिडकीत बसलेले असतात. कोणाकडे विभागाचा ईमेल असतो, कोणाकडे सूचनाफलकाची किल्ली, कोणाकडे मोठ्या माणसाचा फोन नंबर. तिथे गप्प राहून दुसऱ्याची वाट बंद करता येते, आणि हात स्वच्छ दिसतात. मत्सर वाटणं कोणाला चुकलेलं नाही. पण जी माहिती सगळ्यांची आहे ती त्या मत्सराच्या हाती देऊ नये. आणि दिलीच असेल, तर चारचौघांत सांगून परत घ्यावी, मुदत टळून गेली असली तरीही!

बुधवारी साडेअकराला आयोजकांचं उत्तर आलं. मुदतीनंतर आलेल्या अर्जाबद्दल समिती गुरुवारी सकाळी ठरवेल. तोवर आपल्या विभागाचे दोन्ही अर्ज राखून ठेवले आहेत. थोरलीने ते दोन मिनिटांत धाकटीला पाठवलं. 'मिळालं,' एवढं उत्तर आलं. शुक्रवारपासून दोघींमध्ये झालेलं हे एवढंच बोलणं.

गुरुवारी दुपारी तीन वाजेपर्यंत समितीचा निर्णय आलेला नव्हता.