चंद्रीचा पान्हा

चिमणाबाई गेली आणि तिची म्हैस चंद्री धार देईनाशी झाली. तिच्या नवऱ्याने, आकारामने, रेडकू सोडून पाहिलं, पेंड ठेवली, कासेवर कोमट पाणी मारलं. चंद्री पान्हा सोडेना. शेवटी त्याने बायकोचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं आणि चरवी घेऊन खाली बसला. चंद्रीने एका लाथेत चरवी भिंतीवर उडवली.

शेजारचा बाळासो कुडावरून बघत होता. "तात्या, लुगडं नेसून म्हस फसती व्हय? मिशा दिसत्यात की तिला!"

मग तो स्वतःच आत आला. चंद्रीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला आणि कासेला बसला. चरवीत धार वाजायला लागली.

तेव्हापासून दोन्ही वेळची धार बाळासोच काढी आणि आकाराम दारात उभा राही. ते पुटपुटणं चिमणाबाईचं होतं. साखर कारखान्याच्या पाळीवरून घरी येताना गोठ्यातून तो सूर आकारामने वीस वर्षं ऐकला होता. शब्द ऐकायला मात्र कधी आत गेला नव्हता. आपल्या बायकोचे शब्द या गड्याच्या तोंडात आले कुठून? विचारायची लाज वाटे, आणि न विचारता घास उतरत नसे.

पावसाळ्यात चंद्रीच्या सडांवर बारके फोड दिसले. आकारामने ते लगेच ओळखले. ब्याण्णव साली घरच्या म्हशीला असेच झाले होते आणि तिची धार काढून चिमणाबाईच्या बोटांवरही उठले होते. अंगठ्यावरचा व्रण शेवटपर्यंत राहिला. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरने बजावलं होतं, "ही म्हशीची देवी. माणसालाही लागते. आजारी म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढा, साबणाने हात धुवा."

बाळासोकडे म्हशी आल्या त्याला चारच वर्षं झाली होती. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. वयनीची म्हैस म्हणून तो चंद्रीला पहिला मान देई आणि त्याच हातांनी घरच्या दोन म्हशींना बसे.

सांगावं, असं आकारामच्या ओठापर्यंत आलं. तेवढ्यात बाळासो चंद्रीच्या कानाशी वाकला. आकाराम गप्प बसला.

आठवड्याभरात बाळासो अंथरुणाला लागला. अंगात ताप, बोटं सुजलेली, घरच्या दोन्ही म्हशींच्या सडांवर फोड. आकाराम बघायला गेला. सगळ्यात मोठा फोड अंगठ्यावर होता, चिमणाबाईला होता तिथंच. तिच्यासारखा व्रण आता याच्या हातावर राहणार, हे मनात येऊन त्याला पुन्हा हेवा वाटला. मग स्वतःचीच किळस आली.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. "ब्याण्णव साली तुझ्या वयनीला हेच झालतं. तुला सांगितलं न्हाई मी."

"का?"

"तू चंद्रीच्या कानात काय बोलतोस, त्यापायी."

बाळासो बघतच राहिला. "मग इच्यारायचं की, तात्या! वयनीला चरवी उचलंना झाली, तवा पोत्यावर बसून शिकवलं तिनं मला. तिला जमंना, ते तुम्हास्नी कळू द्यायचं न्हवतं. म्हणायची, 'सोड गं बाई पान्हा. धनी पाळीवरनं येत्यात, त्यांचा चहा व्हायचाय.' एवढंच. मी बी तेच म्हणतो."

आकाराम उठला. बाळासोसाठी डॉक्टरला बोलावणं धाडलं. घरी येऊन दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, कुठं खरचटलंय का ते उजेडात बघितलं आणि चंद्रीच्या कानाशी वाकला.

"सोड गं बाई पान्हा. धनी..." पण धनी तर तोच होता. चंद्रीने पाय उचलला.

तो पुन्हा कानाशी वाकला. "सोड गं बाई पान्हा. बाळासो आजारी हाय, त्याचा चहा व्हायचाय."

पाय खाली आला. खपल्यांना धक्का न लावता त्याने हळूच सड धरला, आणि बऱ्याच वेळाने चरवीत बारीक धार पडली.

बाळासोचा हेवा त्याला तरीही वाटतच राहिला. बाळासोला तिने शिकवलं होतं. आकारामला बाळासोने.