ओटी भरून गेलेली पेटी

हात लावू नका. नुसता कान द्या. मी खुशालरावांची बिनतारी पेटी बोलतेय.

अमरावतीहून बडनेऱ्याकडे निघालं की संत्र्यांचा एक बगीचा लागतो. त्यातल्या घराच्या ओसरीवर एका टेबलावर माझं बस्तान आहे. मला रेडिओ मात्र म्हणू नका. रेडिओ बिचारा दुसऱ्याचं ऐकवतो. मी ऐकत होते आणि बोलतही होते, आणि माझं बोलणं समुद्रापार जात होतं. गर्व म्हणा हवं तर, पण खोटं नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी बसवली, काचेचे दिवे बसवले, आणि ते दिवे फार तापू नयेत म्हणून झाकणाला भोकं ठेवली. ही भोकं तेवढी ध्यानात असू द्या.

खुशालराव तरुणपणी अकोल्याच्या तारघरात नोकरीला होते. तारेची कडकट्ट भाषा ते तिथेच शिकले. पुढे वडील वारले, बगीचा पाहायला कोणी उरलं नाही, म्हणून नोकरी सोडून घरी आले. माणूस मातीत आला, पण बोटं तारघरातच राहिली. जेवताना ताटाच्या कडेवर, देवळात खांबावर, त्यांची बोटं आपली टकटक करत असायची. शेवटी त्यांनी सरकारकडून रीतसर परवाना काढला. त्या वर्षी संत्र्याला आंबिया बहार झकास लागला होता. आता खुशालराव नवी बैलजोडी आणणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांनी मला आणलं.

बडनेऱ्याच्या ठेसनावरून बैलबंडीत कडब्यावर बसून मी आले. शेजारचे पंजाबराव बांधावर उभेच होते.

"काय हो खुशालराव, हे पेटी औताले जुंपता का आता? आन् इले चारा कोनता घालसान?"

"चारा लागते तिले, पंजाबराव. पन तुमच्या गंजीतला नाही मांगत मी," खुशालराव हसत म्हणाले.

माझा चारा म्हणजे बॅटऱ्या. झेंडूच्या टोपल्यांशेजारी बसून त्या शहरात जायच्या आणि भरून यायच्या. कडुलिंबाच्या शेंड्यापासून एका उंच बांबूपर्यंत माझी तार ताणली होती. खुशालरावांच्या आई, मनकर्णाबाई, यांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर ओलं लुगडं वाळत घातलं. एवढी लांब तार आणि तिच्यावर काहीच नाही, हे त्यांना बघवेना!

दिवेलागणीला खुशालराव हातपाय धुऊन माझ्यापुढे बसायचे. अकोल्याला त्यांचे तारघरातले जुने सोबती देवीदास राहत. त्यांच्याकडेही अशीच पेटी होती. गंमत बघा, हे दोघे प्रत्यक्ष भेटले की पानाला चुना लावत मुकाट बसायचे; आणि पेटीवर बसले की संत्र्याच्या भावापासून सासुरवाडीपर्यंत सगळं बोलायचे. मी माणसं पुष्कळ ऐकली. समोरासमोर जीभ जड होणारी माणसंच त्यांत जास्त.

माझी टकटक थांबली की स्वयंपाकघरातून मनकर्णाबाईंचा आवाज यायचा, "पोचलं का रे, खुशाल?"

"पोचलं, माय."

मग त्या समाधानानं भाकर थापायला घेत. कुठे पोचलं, काय पोचलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आपल्या लेकाचं म्हणणं कोणीतरी ऐकलं, एवढं त्यांना पुरे होतं.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. खासगी बिनतारी पेट्या ठेवायच्या नाहीत, सगळ्या सरकारजमा करायच्या, असा हुकूम निघाला. हवालदार बंडी घेऊन दारात आला. खुशालरावांनी माझ्या तारा आपल्या हातांनी सोडल्या. मला रडता येत असतं, तर मी रडले असते.

मला उचलणार, तोच मनकर्णाबाई आतून आल्या. हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ आणि खण.

हवालदार म्हणाला, "आजी, हा सरकारजमा माल आहे. नवरी नाही."

"माल तुमच्या सरकारचा असन, बाप्पा. आमच्या घरची लेक व्हय ते. काहून रिकाम्या ओटीनं धाडू?"

हवालदारानंही टोपी काढून बाजूला धरली. मनकर्णाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, खण पसरला आणि ओंजळी भरभरून तांदूळ माझ्यावर घातले. खणावरून ते घसरले आणि झाकणाच्या भोकांतून माझ्या पोटात गेले. कोणाच्याच ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. पण त्या मायेला मला नको कसं म्हणवेल?

मालखान्यात मी एका फळीवर लढाई संपेपर्यंत पडून होते. तिथे अंधार होता, आणि अंधारात उंदीर होते. तांदळाचा वास त्यांना कोणी सांगावा लागतो का? आधी त्यांनी तांदूळ खाल्ले. मग तिथेच घर केलं, आणि पिलांच्या बिछान्यासाठी माझ्या तारांवर गुंडाळलेलं रेशीम कुरतडून नेलं.

सुटून घरी आले, तेव्हा मनकर्णाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "आली माय माही लेक," म्हणाल्या. खुशालरावांनी झाकण उघडलं. उंदरांच्या लेंड्या, रेशमाचा भुगा, आणि उरलेसुरले कुंकू लागलेले तांदूळ. त्यांनी ते सगळं फडक्यात बांधलं आणि गुपचूप मागच्या उकिरड्यावर टाकून आले.

पुढच्या आठवड्यात अकोल्याहून देवीदास आले. माझ्या पोटात हात घालून बराच वेळ चाचपत बसले.

"हे नाही बोलत आता, खुशाल. तारा उघड्या पडल्या, वेटोळेच जळून जातीन चालू केलं तं. आन् तो कारखाना असा माल करत नाही आता. मोडीत घाल. लढाईतल्या पेट्या सरकारी लिलावात, डिस्पोजलमध्ये, मिळून राह्यल्या, मी घेतली, तूही घे."

खुशालराव आत पाहत हळूच म्हणाले, "आन् मायले काय सांगू? जुनी कायनं बिघडली म्हनून इचारन ते. तुह्या ओटीनं बिघडली, असं सांगू?"

देवीदासांनी पानाला चुना लावायला घेतला. समोरासमोर होते ना!

देवीदास गेल्यावर खुशालरावांनी माझ्या पोटात वाटी काढलेली, नुसती टकटक करणारी एक साधी विजेची घंटी बसवली. दिवेलागणीला ते आता पुन्हा माझ्यापुढे बसतात आणि बोटानं कळ दाबतात. टकटक तशीच होते. कडुलिंबावरची तार मात्र कधीच उतरवली आहे. माझा आवाज बांधापलीकडे जात नाही. समुद्रापार बोलणारी मी, या नाटकाची पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली.

यंदाच्या दसऱ्याची गोष्ट. खुशालराव बाहेर बंडीला झेंडूची माळ बांधत होते. त्यांची बायको सुभद्रा हत्यारांची पूजा करत माझ्यापर्यंत आली. तिनं अक्षता उचलल्या, तोच मनकर्णाबाईंनी तिचा हात धरला.

"तांदूळ नको टाकू वो तिच्यावर. फूल ठेव नुसतं."

"काहून, आत्याबाई?"

"उकिरड्यावर पाह्यले होते मी ते कुंकवाचे तांदूळ. माह्याच हातानं मुकी झाली ते." मनकर्णाबाईंनी पदरानं माझं झाकण पुसलं. "खुशालले बोलू नको. माय दुखावन म्हनून रोज संध्याकाळी खेळ मांडते लेकरू. मांडू दे."

दूरदूरचे निरोप नेणारी मी, आणि हा एक निरोप मला दारातल्या खुशालरावांपर्यंत नेता येत नाही. नेता आला असता, तरी नेला नसता.

त्या दिवशीही दिवेलागणीला खुशालराव माझ्यापुढे बसले. टकटक झाली, थांबली.

"पोचलं का रे, खुशाल?"

"पोचलं, माय."

भाकरीवर थाप पडल्याचा आवाज आला.

तेव्हा मोडीत घाल म्हणणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. नवी पेटी आणा, हरकत नाही. तिला हवं तर चांगलं टेबल द्या. पण स्वयंपाकघरातून तो प्रश्न येतोय, तोवर मला या ओसरीवर असू द्या. तो यायचा थांबेल, त्या दिवशी मला मोडीत घाला. मी तक्रार करणार नाही.