शववाहिकेतून आलेला टॉर्क कन्व्हर्टर

मी एक जुना टॉर्क कन्व्हर्टर आहे. मित्रांनो, नाव ऐकून पुस्तक मिटू नका. मी कुणाला दिसत नाही, गाडी घ्यायला येणारे माझी चौकशी करत नाहीत, आणि ज्या गाडीत मी आज बसलो आहे तिच्या मालकिणीलाही परवापरवापर्यंत माझा पत्ता नव्हता. तरी माझ्यावाचून तिची गाडी जागची हलणार नाही. एवढी फुशारकी मला मारू द्या.

दिसायला मी झाकण लावलेल्या मोठ्या पातेल्यासारखा आहे. माझ्या पोटात दोन पंखे समोरासमोर बसवलेले आहेत आणि बाकी सगळं ऑइल. एक पंखा इंजिनाबरोबर फिरतो आणि ऑइल भिरकावतो. त्या ऑइलच्या माऱ्याने दुसरा पंखा फिरतो आणि गिअरबॉक्समार्फत चाकं फिरवतो. पण ऑइलच ते, थोडं निसटतंच. निसटलं की पेट्रोल फुकट जातं. म्हणून माझ्या आत एक चकतीही आहे. गाडी एका वेगाने सरळ चालू लागली की ती दोन्ही बाजूंना घट्ट धरून ठेवते आणि निसटणं थांबतं. ही पकड हाच माझा खरा गुण.

ओहायोमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी थेट गेलो तो फ्लिंट गावच्या एका शववाहिकेत. हसू नका! नऊ वर्षं मी लोकांना त्यांच्या शेवटच्या मुक्कामी पोचवलं. जाताना माणसाच्या पावलाने जायचं आणि येताना मोकळ्या रस्त्याने परतायचं. आमचे मालक अभिमानाने सांगत, "आमच्या गाडीत आतल्या पाहुण्याला एक धक्का लागत नाही." पाहुण्याने कधी तक्रार केली नाही हे खरं, पण ते कौतुक माझंच होतं.

पुढे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडीचा पत्रा खाल्ला आणि ती भंगारात निघाली. हॅमट्रॅमिक गावच्या ऑर्व्हिल मॅकनीस नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मला उचललं. गिअरबॉक्स दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात दुसरा नाही. त्याने मला कापून उघडलं, धुतलं, चकतीला नवं अस्तर लावलं, पुन्हा जोडलं आणि फळीवर ठेवून दिलं. तिथे मी सहा वर्षं पडून राहिलो.

मित्रांनो, कामाचे कष्ट सोसतात, पण नुसतं पडून राहणं सोसत नाही. दुकानात येणारी गाडीवेडी मंडळी एकच प्रश्न विचारत, "आकडा किती?" इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर गेलं की कन्व्हर्टर जोरात ओढायला लागतो, त्याचा तो आकडा. शर्यतीत मोठा आकडा कामाला येतो, कारण इंजिन आधी भरपूर गुरगुरतं आणि मग गाडी एकदम उसळी घेते. माझा आकडा सोळाशे. तो ऐकला की लोक हसत आणि माझ्या शेजारच्या निळ्या रंगाच्या, तीन हजारवाल्याकडे वळत. तो तर आठवड्याभरातच विकला गेला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तो निळा घेऊन गेला काझिक क्युबियाक. दर रविवारी शर्यतीच्या पट्टीवर जाणारा, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या मनाचा माणूस. त्याने तसले दोन घेतले. एक स्वतःच्या ट्रकला आणि दुसरा बहिणीच्या गाडीला, वाढदिवसाची भेट म्हणून!

बहीण म्हणजे डॉरीन. तिची गाडी हिरवी, दोन दारांची, आठ सिलिंडरची, एकोणीसशे एकाहत्तर सालची. एकोणिसाव्या वर्षी, कारखान्यातल्या पहिल्या पगारांतून तिने ती घेतली होती. आता ती पस्तीस मैलांवरच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारीण आहे आणि रोज याच गाडीने जाते. हौस म्हणून झाकून ठेवायला तिला गाडी नकोच होती. पण भावाची भेट बसल्यापासून गाडी पेट्रोल नुसती ढोसू लागली. गिअरबॉक्सही इतका तापायचा की करपल्याचा वास यायचा.

काझिक म्हणाला, "अगं, ही गाडी रोजच्या कामाची नाहीच. घोड्याला नांगराला जुंपलंयस तू! मला देऊन टाक. मी तिला रविवारी पळवीन."

"माझी गाडी मी शेवटपर्यंत चालवणार."

"मग पैज लाव. लेबर डेच्या सुट्टीला आपण सगळे सरोवरावरच्या मॅकिनॉच्या पुलाशी जमतोच. वाटेत पेट्रोल न भरता इथून पुलापर्यंत आणून दाखव. आणलीस तर गाडीचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही आणलीस तर चावी माझी."

डॉरीन रागाच्या भरात "हो" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलच्या दारात उभी राहिली. पूल दोनशे नव्वद मैलांवर आणि गाडी एका टाकीत दोनशेच मैल जाणारी. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

ऑर्व्हिलने आधी कामाचं विचारलं. "पोरी, इंजिनात शर्यतीचं काही घातलंयस का?"

"काही नाही. कारखान्यातून आलं तसंच आहे."

"छान. म्हणजे ते कमी फेऱ्यांवरही ओढतं. आता एक काम कर. आठवडाभर रोजच्यासारखी चालव. फेऱ्यांच्या काट्याकडे नजर गेली की तो जिथे असेल तिथे काचेवर खूण कर."

"कशाने करू?"

"ते तुझं तू बघ. नंतर पुसता येईल अशाने कर म्हणजे झालं."

शनिवारी ती आली तेव्हा ऑर्व्हिलने गाडीत डोकं घातलं आणि खो खो हसत सुटला. तिने लिपस्टिकने खुणा केल्या होत्या! दोन हजारांच्या आसपास काच लालेलाल झाली होती, आणि तीन हजारांच्या पुढे एकुलता एक ठिपका होता.

"आणि हा कुठला गं?"

"टर्की कोंबड्यांचा ट्रक पुढे रांगत होता. पिसं उडत होती काचेवर. एकदाच पुढे घातली."

"बघ म्हणजे! त्या एका ठिपक्यासाठी तुझ्या भावाने कन्व्हर्टर निवडलाय. तू सगळा दिवस असतेस दोन हजारांवर, आणि हा नीट धरणार तीन हजारांना. तोवर नुसतं निसटणं. वर याला पकडायची चकतीसुद्धा नाही. पट्टीवर हा राजा आहे, पण शाळेच्या रस्त्यावर काय उपयोगाचा? तुला हवाय तुझ्या नेहमीच्या फेऱ्यांच्या आधीच धरणारा, आणि चकतीवाला."

मग त्याने दोन दुकानांना फोन केले आणि तीन याद्या चाळल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला ओरडता आलं असतं तर मी फळीवरून ओरडलो असतो. शेवटी चष्मा पुसताना त्याची नजर वर गेली. "अरे," तो म्हणाला, "तू आहेसच की!" मित्रांनो, सहा वर्षांत मला कुणी "तू" म्हटलं नव्हतं.

मला बसवताना काझिक आलाच. माझी कुळकथा ऐकून तो पोट धरून हसला.

"मढ्याच्या गाडीतला? ताई, आता सिग्नलला लोक तुला बघून टोप्या काढतील!"

"काढू देत," डॉरीन म्हणाली. "तुझ्या गाडीला बघून कान झाकतात, त्यापेक्षा बरं."

खरं तेही सांगतो. सिग्नलला मी त्या निळ्यासारखी उसळी मारत नाही. पहिल्या दिवशी डॉरीनही जरा हिरमुसली. पण मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग झाला, माझी चकती बसली आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. वरून आवाज आला, "अगोबाई! ही गाडी माझीच ना?" मला गुदगुल्या झाल्या.

पैजेच्या सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली. काझिकने साक्षीदार म्हणून ब्रोन्या मावशीला डॉरीनच्या शेजारी बसवलं. मावशी चाळीस वर्षं चर्चच्या हॉलमध्ये बिंगोचे आकडे पुकारत आलेली. सख्ख्या भाचीसाठीही खोटं बोलणारी नव्हे. मांडीवर पिएरोगींचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा डबा, हातात जपमाळ. काझिक मागून ट्रकने येणार होता, बहिणीची गाडी कुठे आचके देते ते बघायला.

दोनशे मैलांपर्यंत वर गप्पाच चालल्या होत्या. मग गेलॉर्ड गावाच्या अलीकडे डॉरीन म्हणाली, "मावशी, काझिक दिसेना झालाय."

"गेला असेल कुठे. तू पुढे बघ. काटा कुठे आहे?"

"पाव टाकी."

मावशीने जपमाळ ओढायला घेतली. मला फक्त मण्यांचा आवाज ऐकू येत होता. पुढे चढ लागले, समोरून सरोवराचा वारा अंगावर आला. डॉरीनने घाईने पाय दाबला असता तर माझी पकड सुटली असती आणि पेट्रोल भराभर गेलं असतं. तिने पाय दाबला नाही. साठ म्हणजे साठ! मागचे लोक भोंगे वाजवत पुढे गेले, तरी ती ढळली नाही. मीही जीव मुठीत धरून चकती धरून ठेवली. या गाडीबरोबरची तिची तीस वर्षं आणि फळीवरची माझी सहा, दोन्ही त्या पकडीवर होती.

"काटा?" मावशीने विचारलं.

"तळाला टेकलाय."

"मग बघू नकोस त्याच्याकडे. मी बघते."

आणि अचानक मावशी ओरडली, बिंगो पुकारावा तशी, "पूल! पूल दिसला गं!" डॉरीन हसत होती की रडत होती कोण जाणे, पण तिचा पाय होता तिथेच राहिला. पुलाखालच्या मैदानात गाडी थांबली. त्या क्षणाइतका आनंद मला जन्मात झाला नाही.

काझिक आला वीस मिनिटांनी. उतरता उतरताच म्हणाला, "कुठे भरलंस? खरं सांग!"

मावशीने पिएरोगी गिळून सांगितलं, "आम्ही थेंबभरसुद्धा भरलं नाही. मी देवाची माळ हातात घेऊन सांगते. तू कुठे होतास ते आधी सांग."

काझिकने ट्रककडे पाहिलं, मग बुटांकडे. "गेलॉर्डला," तो हळूच म्हणाला. "पंपावर."

दोघी इतक्या हसल्या की सरोवरावरचे पक्षी उडाले. मग काझिकही हसू लागला. त्याने कोट काढला, गाडीखाली उताणा सरकला आणि माझ्यावरच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा कोमट होता, पूर्वीसारखा भाजत नव्हता. हात तिथेच ठेवून तो पडून राहिला.

मित्रांनो, रोज शाळेपर्यंत न्यायचं तेवढं मला सांगा, मी नेईन. फक्त माझं ऑइल काळं पडायच्या आत बदला आणि निवडताना मला आकडा विचारू नका. एका दिवसाच्या मिरवण्यासाठी घेतलेली वस्तू उरलेले सगळे दिवस तुम्हालाच ओढावी लागते. ज्याला त्याला त्याचं काम मिळालं की जुनी वस्तूही नव्याने जगते.

तेवढ्यात गाडीखालून काझिकचा आवाज आला.

"ताई, ऑर्व्हिलकडे आणखी एखादी शववाहिका यायची आहे का गं?"