तीस हात खालीच राहिले

साहेब, तुम्ही आमच्या शाळेच्या शेरेबुकात खोटं लिहिलं. ‘नववी ब. विद्यार्थिनी निरुत्साही. पुढाकार घेण्याची वृत्ती नाही. वर्गप्रमुख उद्धट.’ खाली लफ्फेदार सही. चूक असती तर मी गप्प बसले असते, चूक कोणाचीही होते. पण तुम्ही कारण विचारलंच नाही. न विचारता लिहिलेल्याला मी खोटंच म्हणते.

मी या शाळेची शिपाई, अंजनाबाई. त्या दिवशी तुमचा चहा घेऊन दाराशी उभी होते ती. तुम्ही कपाकडे पाहिलंत, माझ्याकडे नाही. त्याचं मला काही नाही. पण तुम्हाला जे दिसलं नाही ते मला दिसलं, ते ऐका.

तपासणीच्या आधी आमच्याकडे महिनाभर तालीम चालते. प्रश्न विचारला की वर्गातल्या एकूण एक मुलीनं हात वर करायचा. येत असेल तिनं उजवा, येत नसेल तिनं डावा. बाई उजव्यातली एक उठवणार, ती घडाघडा सांगणार, साहेब खूश. वीस वर्षं तुमच्यासारखे साहेब असेच खूश होऊन, चिवडा खाऊन गेले.

पण शेवटच्या बाकावर तुळसा नावाची मुलगी आहे. तिला घाईत डावं-उजवं कळत नाही. तालमीत भूगोलाच्या अरुंधतीबाईंनी विचारलं, “वैनगंगेचा उगम कुठे?” एक्केचाळीस हात वर झाले. तुळसानं चुकून उजवा केला आणि नेमकं तिलाच उठवलं. ती नुसती उभी राहिली. वर्ग फिदीफिदी हसला. बाई चिडल्या. “डावा करायला सांगितला होता ना तुला? हो बाहेर!”

ती माझ्या स्टुलापाशी येऊन रडायला लागली. म्हणाली, “माय, मले येत नाही, असं मी सांगतलं असतं तर चाललं नसतं काय वं?”

मी तिला पाणी देऊन गप्प केलं. नोकरी माझीही होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत जयवंता मेश्रामनं सगळा वर्ग नळाजवळच्या कट्ट्यावर गोळा केला. हीच तुमची उद्धट वर्गप्रमुख. बाप लहानू, कन्हान गावाकडे कोळशाच्या खाणीत आहे, पोरगी रोज सकाळच्या गाडीनं येते. जूनमध्ये मुलींनीच चिठ्ठ्या टाकून तिला निवडलं होतं.

“उद्या जिले येते तिनंच हात वर करायचा,” जयवंता म्हणाली.

“वा वं लीडर! आन् बाकीच्यांनी?” हे चारुशीलानं विचारलं. पहिला नंबर तिचा ठरलेला.

“खाली ठेवायचा.”

“सारा वर्ग ढ दिसन ना मंग!”

“आहे तसा दिसन. वैनगंगा मलेही येत नाही.”

“वर्गप्रमुख असून? सांगू नको वं कोणाले!”

“तेच तर. मले येत नाही हे बाईले माहीतच नाही, तर मले शिकवन कोण?”

“बाई भडकतील. तुहा बिल्ला जाईन, पाहून घे.”

“जाऊ दे. तुळसाले बाहेर काढलं तवा आपण साऱ्या हसून राहिलो होतो. मीही हसली. घरी जेवण गेलं नाही मले.” मग ती चारुशीलाकडे वळली. “मी जबरदस्ती नाही करत. जिले पटत नसन तिनं बाईनं सांगतलं तसंच करा. मी कोणाचं नाव सांगणार नाही.”

साहेब, पुढारीपण म्हणजे काय ते मी त्या नळापाशी पाहिलं. तुमच्या शेरेबुकात त्याला रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. अरुंधतीबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला. अकरा हात वर गेले. तीस खालीच राहिले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही भुवया चढवून म्हणालात, “बाकीच्यांचं काय?”

जयवंता उठली. “आम्हाले येत नाही साहेब. बाईनं पुन्हा शिकवलं तर येईन.”

आणि मागून तुळसा, कोणी न विचारता, बक्षीस मिळाल्यासारखी ओरडली, “मलेही येत नाही जी!”

या वेळी कोणी हसलं नाही. तुम्ही घड्याळ पाहिलंत, चहा घेतलात, शेरा लिहिलात.

नंतर काय झालं ते तुम्हाला कुठून कळणार? दुसऱ्या दिवशी अरुंधतीबाई नकाशा घेऊन आल्या. कोणावर रागावल्या नाहीत. शिवनीकडच्या डोंगरापासून खाली चंद्रपूरपर्यंत बोट फिरवत आणलं आणि विचारलं, “कोणाला नाही समजलं?” नऊ हात वर झाले. कोणता उजवा, कोणता डावा, कोणी पाहिलं नाही. पुन्हा शिकवलं. तास संपल्यावर बाहेर येऊन मला म्हणाल्या, “अंजनाबाई, वीस वर्षांत मला एवढंच कोणी सांगितलं नव्हतं, यांना काय येत नाही ते.” आता रोज तसंच चालतं. वर्गात गोंगाट वाढला आहे, पण कानाला बरा वाटतो. तुळसा सहामाहीत भूगोलात छत्तीस मार्कांनी पास झाली. तिनं पेपर मला दाखवला, माळ्याला दाखवला, घंटेला दाखवायचा तेवढा बाकी राहिला.

तुमचा शेरा वाचून आमच्या मोठ्या बाई, इंदुताई, घाबरल्या. जयवंताचा बिल्ला काढून घेतला आणि वर्गप्रमुख यापुढे अरुंधतीबाईंनी नेमावी असं सांगितलं. अरुंधतीबाईंनी टेबलावर आपला रिकामा डबा ठेवला. “चिठ्ठ्या टाका गं. जिच्या नावाच्या जास्त निघतील तिला मी नेमते.” अडतीस चिठ्ठ्या जयवंताच्या निघाल्या, दोन चारुशीलाच्या, एक तुळसाची. ती एक कोणी टाकली ते तुळसालाच ठाऊक. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला, पण बिल्ला परत दिला.

आता तुमच्या कचेरीचं पत्र आलं आहे. निवड रद्द करा, शिस्तीतली मुलगी नेमा. सोमवारपर्यंत कळवा.

मोठ्या बाईंनी ते पत्र नववी ब ला वाचून दाखवलं. एकही रडली नाही. चारुशीलाचं अक्षर चांगलं, म्हणून उत्तर तिनं लिहिलं, आमची वर्गप्रमुख जयवंताच राहील. एक्केचाळीस सह्या झाल्या. ते याच पाकिटात आहे. जयवंता शांत आहे. काल वर्गाच्या खिडक्या पुसून घेत होती, आणि मलाच म्हणाली, “माय, तुम्ही बसा वं, आम्ही करून राहिलो ना.”

साहेब, अडतीस मुलींनी निवडलेली मुलगी काढायची आहे ना? मग काढण्याचं कारण लिहा. तिनं नेमकं काय वाईट केलं ते एका ओळीत, सही करून लिहा. मी ते फळ्याजवळ उभी राहून वर्गाला वाचून दाखवीन. सोमवारची मुदत तुम्ही आम्हाला दिलीत, तीच मी तुम्हाला देते. काय उत्तर देता?